वाऱ्याचे कण, माशीचे कण

सोलापूर जिल्ह्यात कोरडवाहू रानाच्या कडेने करडईच्या दोन-चार ओळी पेरण्याची रीत जुनी आहे. आत शाळू, कडेला काटेरी करडई. मोकाट जनावर मग पिकात तोंड घालत नाही. बांधावर बाभूळ असते, पडीक तुकड्यात रुई आणि गाजरगवत वाढते, आणि ठिबकची सोय झाली असेल तर पलीकडे डाळिंबाची बाग दिसते. ही सगळी झाडे एकाच मातीत, एकाच उन्हावाऱ्यात, वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात वाढतात. त्यांच्या फुलांतले परागकण मात्र एकमेकांपासून फार वेगळे आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर ते शेजारी-शेजारी ठेवले, तर ते एकाच शिवारातून आले आहेत यावर विश्वास बसत नाही.

परागकणाचे काम सांगायला सोपे आणि करायला कठीण आहे. परागकोशातून सुटायचे, फुलाच्या कुक्षीवर पोचायचे, तिथे नळी रुजवायची आणि त्या नळीतून नर पेशी बीजांडापर्यंत न्यायच्या. मधल्या वाटेत झाडाचा आधार तुटलेला असतो. ऊन, कोरडी हवा, पावसाचा थेंब, किड्याचे तोंड या सगळ्यांना त्याला एकट्याने तोंड द्यावे लागते. म्हणून त्याच्याभोवती दोन थरांचे कवच असते. आतला थर सेल्युलोज आणि पेक्टिनचा, मऊ. बाहेरचा थर स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचा. सजीवांनी घडवलेल्या पदार्थांत इतका चिवट पदार्थ क्वचितच सापडतो. तीव्र आम्लात उकळले तरी तो विरघळत नाही, गाळात गाडला गेला तर लाखो वर्षे टिकतो. याच बाहेरच्या थरावर काटे, जाळ्या, रेघा, खळगे, भोके असे सगळे नक्षीकाम असते. हे नक्षीकाम शोभेसाठी नाही. कण कशाच्या आधाराने प्रवास करतो आणि वाटेत स्वतःमधले पाणी कसे सांभाळतो, हे बऱ्याच वेळा त्यावरून कळते. 'बऱ्याच वेळा' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. त्याला अपवाद कुठे पडतो ते पुढे येईलच.

निरनिराळ्या फुलांचे पराग निरनिराळ्या आकाराचे असतात हे सतराव्या शतकातच लक्षात आले होते. इंग्लंडमध्ये नेहेमाया ग्रू आणि इटलीत मार्चेल्लो माल्पिगी यांनी साध्या भिंगांतून ते पाहिले. ग्रूचा वनस्पतींच्या शरीररचनेवरचा ग्रंथ १६८२चा आहे. पुढे भिंगे सुधारत गेली, तरी प्रकाशाची एक अडचण कायम राहिली. साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बहुतेक परागकण १५ ते १०० मायक्रॉनचे असतात, त्यामुळे कण दिसतो. पण त्याच्या काट्याच्या बुडाशी असलेली बारीक छिद्रे आणि गवताच्या कणावरचे अतिसूक्ष्म दाणे नीट दिसत नाहीत. शिवाय कण गोल असल्याने वरचा भाग स्पष्ट केला की कडा धूसर होतात.

ही अडचण इलेक्ट्रॉनांनी सोडवली. वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या हजारो पटींनी कमी असते. १९३१ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्का यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळायला मात्र १९८६ साल उजाडले. त्यांचा सूक्ष्मदर्शक पातळ कापातून आरपार पाहणारा होता. परागकणांच्या अभ्यासाला खरा वेग आला तो पृष्ठभाग चाचपणाऱ्या, म्हणजे स्कॅनिंग प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाने. केंब्रिजमध्ये चार्ल्स ओटली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो घडवला आणि १९६५मध्ये 'स्टिरिओस्कॅन' या नावाने तो बाजारात आला. यात इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत नमुन्यावरून ओळीओळीने फिरतो, पृष्ठभागातून उडणारे इलेक्ट्रॉन टिपले जातात आणि त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून पडद्यावर चित्र उमटते. गोल कणाचा पुढचा भाग आणि मागे वळलेली कड, दोन्ही एकाच वेळी ठसठशीत दिसतात. चित्र करड्या रंगछटांचेच असते. मासिकांत जांभळे-नारिंगी पराग छापलेले दिसतात, ते रंग नंतर भरलेले असतात.

नमुना तयार करण्याची रीत नीट समजून घ्यायला हवी, कारण तुलनेतला खरेखोटेपणा तिथेच ठरतो. अॅल्युमिनियमची नखाएवढी चकती घ्यायची, तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी कार्बनची पट्टी लावायची आणि उमललेल्या फुलाचा परागकोश तिच्यावर हलकेच टेकवायचा. कण चिकटतात. पण कवच विजेचे वाहक नाही. झोत पडला की त्यावर भार साचतो आणि चित्रात पांढरे फटक डाग उठतात. म्हणून निर्वात पेटीत सोन्याचा किंवा सोने-पॅलेडियमचा काही नॅनोमीटर जाडीचा मुलामा कणांवर चढवतात. नंतर चकती सूक्ष्मदर्शकाच्या कोठीत ठेवून तिथली हवा काढून घेतात. हवा गेली की कणातले उरलेसुरले पाणीही जाते. माशीवाटे प्रवास करणाऱ्या करडई-सूर्यफुलासारख्या परागांवर पिवळट तेलकट थर असतो, तो द्रावकाने धुतला नाही तर काट्यांच्या बुडाशी साचून बारकावे झाकतो. स्वीडनचे गुन्नार एर्डटमान यांनी रूढ केलेल्या अॅसिटोलिसिस पद्धतीत नऊ भाग अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि एक भाग तीव्र गंधकाम्ल यांत पराग तापवतात. आतला सगळा मालमसाला जळून जातो आणि बाहेरचे रिकामे कवच उरते. ते पाहायला फार स्पष्ट असते. पण तो जिवंत कण नव्हे, हे विसरून चालत नाही.

आता ज्वारीकडे वळू. शाळू निसवला की कणसाच्या शेंड्याकडून फुलोरा सुरू होतो आणि रोज थोडाथोडा खाली उतरतो. पहाटे फुले उघडतात, परागकोश बाहेर लोंबतात आणि कणसाला बोट लावले तरी पिवळी धूळ उडते. एका कणसात असे कोट्यवधी कण असतात. ज्वारीचे बहुतेक दाणे त्याच कणसाच्या परागांवर धरतात, तरी काही पराग वाऱ्याने शेजारच्या कणसांवर जातातच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा कण जवळपास गोल आणि लांबून गुळगुळीत दिसतो. खूप मोठा करून पाहिला तर पृष्ठभागावर अगदी बारीक दाण्यांची खर आढळते. त्याला एकच भोक असते, भोकाभोवती उंच कडे आणि भोकात बसलेले लहानसे झाकण. पराग रुजताना नळी याच भोकातून बाहेर येते. तेलकट थर नगण्य, काटे नाहीत, म्हणून कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाऱ्यात सुटेसुटे तरंगतात. गहू, बाजरी, मका, ऊस, हरळी, कुसळी या सगळ्या गवतकुळाची हीच घडण. हा कण फार काळ तगत नाही. परागकोशातून सुटल्यावर काही तासांतच त्याची रुजण्याची ताकद संपते. म्हणूनच झाडाला तो इतक्या प्रचंड संख्येने करावा लागतो, असे मला वाटते.

ज्वारीच्या परागाची सोलापूरला आणखी एक ओळख आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी गेली अनेक दशके रब्बीच्या भाकरीची ज्वारी म्हणून जिल्ह्यात मुरली आहे. संकरित ज्वारीचे बियाणे करायचे तर मादी ओळीच्या कणसाला स्वतःचा पराग नको, म्हणजे ती नरवंध्य हवी. अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ साली 'मायलो' ज्वारीच्या पेशीद्रव्यातून असे नरवंध्यत्व मिळवून दाखवले आणि त्याच पायावर भारतात १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. पुढे मालदांडीच्या पेशीद्रव्यातूनही नरवंध्यत्वाचा एक वेगळा स्रोत सापडला. एका नरवंध्य कणसातले आणि एका चांगल्या कणसातले पराग शेजारी ठेवून पाहिले की फरक समजावून सांगावा लागत नाही. चांगला कण टच्च भरलेला, भोकाचे कडे उठावदार. वंध्य कण आत पिष्ट न भरल्याने चिपाड, आक्रसलेला. शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीत जे मिळते त्याची सुरुवात या निकामी कणापासून होते. सोलापुरात रब्बी ज्वारीसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचे स्वतंत्र केंद्र आहे. या पिकाचा अभ्यास व्हायला याहून योग्य गाव नाही.

करडईचा कण पाहिला की मात्र दुसऱ्याच मुलखात आल्यासारखे होते. कवच जाड, त्यावर आखूड, बुडाशी रुंद, टोकाला अणकुचीदार काटे दाटीने उभे, आणि तीन ठिकाणी चिरा. तिन्ही चिरांच्या मध्यावर एकेक भोक. करडईच्या बोंडातली छोटी फुले आधी पिवळी आणि सुकताना नारिंगी-लाल होतात. पराग परागकोशांच्या नळीत सुटतो आणि वाढणारी कुक्षी त्याला ढकलत वर आणते. तिथे माश्यांची गर्दी असते. मधमाशीच्या अंगावरच्या केसांत काटेरी, तेलकट कण अडकून बसतो. सूर्यफुलाचा कण याच कुळातला. तो करडईच्या कणापेक्षा लहान, पण त्याचे काटे जास्त लांब आणि सडपातळ. दोन्ही कणांची चित्रे एका मापावर शेजारी ठेवली तर नवशिक्यालाही फरक ओळखता येतो. सोलापूरच्या करडई संशोधनातून 'भीमा'सारखे वाण आले आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांची करडई घडवली. रोपाचे काटे माणसाने घालवले. कणावरचे काटे मात्र निराळे. त्यांचा रोपाच्या काट्यांशी काही संबंध नाही.

इथेच तो अपवाद येतो. काटे म्हणजे माशीला निमंत्रण, असे समजण्याचा मोह होतो. पण अंगणातल्या जास्वंदीचा किंवा कापसाचा कण पाहा. हे कण चांगलेच मोठे, १०० मायक्रॉनच्या वर. काळ्या कागदावर झटकले तर नुसत्या डोळ्यांनी एकेक सुटा दिसतो. सगळ्या अंगावर विखुरलेली अनेक भोके आणि लांब काटे. कापसाच्या फुलात मधमाश्या मधासाठी जातात, अंगभर पराग माखून घेतात, आणि तरीही तो पायांवरच्या पिशवीत भरून पोळ्यात नेणे त्यांना कठीण जाते, कारण काटे कणांना एकमेकांशी घट्ट दाबू देत नाहीत. म्हणजे इथे काटे पराग चिकटवतातही आणि चोरीपासून वाचवतातही. फुलाच्या दृष्टीने हा सौदा उत्तम. माशी पराग पोळ्यात नेऊ शकली नाही, तर तो दुसऱ्या फुलावर पडण्याची शक्यता वाढते. निसर्गातल्या कुठल्याही रचनेला एकच कारण चिकटवू नये, असे मला या कणांकडे पाहून वारंवार वाटते.

बाभळीने तर एकेक कण पाठवण्याची पद्धतच सोडून दिली आहे. तिच्या पिवळ्या गेंदात पुष्कळ फुले एकत्र असतात आणि प्रत्येक परागकोशात पराग पुंजक्यांनी तयार होतो. साधारण १६ कण एकमेकांना पक्के जोडलेले, चपट्या चकतीच्या आकारात. सूक्ष्मदर्शकाखाली मधले कण आणि कडेचे कण यांच्या मधल्या रेषा स्वच्छ दिसतात. बाभळीच्या कुळात असे आढळले आहे की एका पुंजक्यातल्या कणांची संख्या फुलातल्या बीजांडांच्या संख्येएवढी किंवा तिच्याहून जास्त असते. कुक्षीच्या खळग्यात एकच पुंजका मावतो. तो एकदा नीट बसला की सगळी शेंग भरण्याइतके कण त्यात असतात. पाऊस थोडा आणि पाहुणे किडे कमी अशा प्रदेशात ही रचना किती काटकसरीची आहे! रुई त्याही पुढे गेली आहे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, त्या रुईच्या फुलात परागाच्या मेणचट पिशव्या जोडीने असतात, मधे एक बारीक चिमटा. फुलाच्या फटीत भुंग्याचा पाय अडकला की चिमटा बसतो आणि भुंगा उडताना संपूर्ण जोडी ओढून नेतो. इथे सुटा कण दिसतच नाही. पिशवी फोडली तर कणांची कवचे एकमेकांत गच्च बसलेली आढळतात.

गाजरगवत १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले आणि तिथून देशभर पसरले. त्याचा कण लहान, २० मायक्रॉनच्या आतबाहेर, आखूड काट्यांचा, तीन चिरांचा, सूर्यफूल-करडईच्याच कुळातला. हा कण नाकात गेला की अनेकांना शिंका आणि सर्दीचा त्रास होतो, आणि गवताच्या संपर्काने कातडीवर पुरळ उठते. कवचात साठलेली काही प्रथिने ओल लागताच बाहेर येतात आणि शरीर त्यांच्यावर उलटते. हवेतले पराग आणि बुरशीचे बीजाणू मोजण्याचे काम महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्यभर केले, ते औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले एस. टी. टिळक. त्यांनी घडवलेला हवा-नमुना घेण्याचा सापळा 'टिळक एअर सॅम्पलर' म्हणून ओळखला जातो. फिरत्या नळकांड्यावरच्या चिकट पट्टीवर हवेतले कण बसत राहतात, म्हणून कोणत्या दिवशी काय उडत होते हे नंतर वाचता येते. ही मोजणी साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होते, आणि तेच बरोबर आहे. हजारो कण मोजायचे तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक महागही पडतो आणि संथही. त्याचा उपयोग ओळखपत्र तयार करण्यासाठी. एकदा कणाची खात्रीलायक चित्रे हाती आली की पुढची ओळख साध्या भिंगाखाली पटते.

डाळिंबाच्या बाबतीत तुलनेचा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. सोलापूरच्या केगावला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. डाळिंबाच्या जातींचा इतिहास महाराष्ट्राचाच आहे: गणेशखिंडीच्या बागेत १९३६ साली जी. एस. चीमा यांनी केलेल्या निवडीतून 'गणेश' आला, मग 'भगवा' आला, आणि २०१७मध्ये सोलापूरच्याच केंद्राने 'सोलापूर लाल' दिला. डाळिंबाच्या झाडावर नर फुले आणि उभयलिंगी फुले अशी दोन्ही लागतात. नर फुले गळून पडतात म्हणून बागायतदार हळहळतो, पण त्यांतही पराग भरपूर असतो. कण लांबट, तीन चिरांचा. कोरडा असताना गव्हाच्या दाण्याच्या पोटावर असते तशी खोल चीर त्यावर दिसते. जगभर अनेक ठिकाणी डाळिंबाच्या जाती परागावरून वेगळ्या करण्याचा प्रयत्न झाला आहे. कणाची लांबी, रुंदी, चिरेची लांबी, पृष्ठभागावरची नक्षी अशी मापे घेतात. पण ज्वारी आणि करडई यांच्यात जो फरक आहे, तसा दोन डाळिंबांत नसतो. तिथे फरक एक-दोन मायक्रॉनचा, आणि तेवढा फरक नुसत्या वाळण्यानेही पडतो.

वाळणे हा इथला कळीचा मुद्दा आहे. परागकोशातून सुटलेला कण कोरड्या हवेत पाणी गमावतो. चिरा असलेला कण त्या वेळी चिरांवर आत दुमडतो, कडा जवळ येतात आणि पाणी सुटण्याची वाट बंद होते. कुक्षीवर ओल मिळाली की तो पुन्हा फुगून गोल होतो. रॉजर वोडहाउस यांनी १९३५ साली या हालचालीला हार्मोमेगॅथी हे नाव दिले. म्हणजे एकच कण कोरडा असताना लांबट आणि ओला असताना गोल. सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात कोठीत आपण तो सुकलेला पाहतो. अॅसिटोलिसिस केले तर फुगलेला, रिकामा. एका अभ्यासातली कोरडी मापे दुसऱ्या अभ्यासातल्या प्रक्रिया केलेल्या मापांशी ताडून 'या दोन जाती वेगळ्या' असे म्हणणे चुकीचे आहे, आणि असे निष्कर्ष छापले जातात याचे वाईट वाटते. तुलना करायची तर सगळे नमुने एकाच रीतीने तयार केलेले हवेत, प्रत्येक जातीची अनेक झाडे, अनेक फुले आणि प्रत्येक फुलातले पुष्कळ कण मोजलेले हवेत. एकच देखणा कण शोधून काढलेले छायाचित्र भिंतीवर लावायला चांगले. जात ठरवायला ते पुरत नाही.

कवचाच्या चिवटपणाचा सर्वांत मोठा लाभ भूतकाळ शोधणाऱ्यांना झाला. १९१६ साली लेनार्ट फॉन पोस्ट यांनी नॉर्वेत दिलेल्या व्याख्यानात दलदलीच्या थरांतले पराग मोजून जुन्या जंगलांचा इतिहास मांडला, आणि त्यातून ही अभ्यासशाखा उभी राहिली. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळ काढून तपासला गेला. त्यात जवळपास ११ हजार वर्षांचा हिशेब सापडला. त्यातली खनिजे, रसायने आणि पराग यांवरून पाऊस केव्हा भरपूर होता आणि केव्हा शतकानुशतके ओढ दिली, हे समोर आले. आजच्या लोणारच्या आसपासच्या झाडीचा पराग आधी गोळा करून ताडून पाहिल्यावरच जुन्या थरांतला पराग वाचता आला.

मात्र गवताच्या बाबतीत हा अभ्यास अडतो. ज्वारीचा कण रानगवताच्या कणापेक्षा साधारणपणे मोठा असतो, पण मोठ्या रानगवतांची मापे त्याच्या मापात मिसळतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे बारीक दाणे पाहून काही गवते गटागटाने वेगळी करता येतात. एखाद्या थरातला सुटा कण हातात घेऊन 'ही ज्वारीच' असे म्हणता येत नाही. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती दख्खनच्या काळ्या रानात केव्हा आली, याचे उत्तर शोधणारे पुरातत्त्वज्ञ म्हणून परागापेक्षा उत्खननात सापडणाऱ्या जळक्या दाण्यांवर आणि पानांच्या पेशींत साठलेल्या सिलिकाच्या कणांवर जास्त भिस्त ठेवतात. करडईचे तसे नाही. तिचा काटेरी, थोराड कण मधाच्या थेंबातही ओळखू येतो, आणि पौष-माघात सोलापूरच्या रानातून काढलेल्या मधात तो आढळला, तर माश्या करडईवर फिरल्या होत्या हे निःशंक सांगता येते.